पत्र्यावरच्या दोन थापा

आमच्या घरातला एक जेवायचा पाट एके दिवशी ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर गेला आणि पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही. कारण मी. उंचीने एवढीशी. नुसत्या सीटवर बसले तर काचेतून रस्त्याऐवजी आभाळ दिसायचं, आणि क्लच पुरा दाबायला गेले तर आभाळही जायचं, समोर फक्त स्टिअरिंगचं चाक उरायचं. म्हणून खाली पाट, पाठीशी दोन उशा, उशांच्या मागे घडी घातलेली गोधडी. अशी मी चढून बसले की गल्लीतली पोरं हात जोडायची. “देवी बसली रे पाटावर!”

देवी तेव्हा पंचविशीच्या पुढे गेली होती. अक्कल मात्र अजून परकरातच होती.

साल ऐंशीच्या आगेमागचं असेल. आम्ही पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला राहायचो. आमच्या ह्यांचा स्वतःचा ट्रक होता, लांब नाकाचा, लाकडी बॉडीचा. एकदा टायरमध्ये हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग उडाली आणि ह्यांच्या उजव्या कोपरावर बसली. हाड जुळलं, पण कोपर वळेना. घास खायचा तर हात तोंडाकडे जायच्या ऐवजी तोंड हाताकडे न्यावं लागायचं. त्या हाताने घाटातलं वळण काय मारणार? पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो गाडीला शेजाऱ्याच्या बैलासारखं वागवायचा. शेवटी मालेगावचे एक गृहस्थ येऊन गाडी बघून गेले. जुन्या गाड्या घेणं-विकणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी पत्रा ठोकून पाहिला, इंजिन ऐकलं, चहा प्याले आणि “पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी येतो” म्हणून गेले.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, “मी चालवते.”

हे हसले. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या हसल्या नाहीत. भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

आता ही हिंमत माझ्यात कुठून आली? माहेरी, वणीकडे, मी वडिलांचा ट्रॅक्टर चालवला होता. मळ्यातून घरापर्यंत. वाटेत एक ओढा, एखादी बैलगाडी आणि बऱ्याचशा कोंबड्या. एवढ्या भांडवलावर मला वाटायचं, चाकं असलेली कुठलीही वस्तू माझ्या हाताखालची. लायसन्ससुद्धा मी लग्नानंतर हौसेने काढून ठेवलं होतं. मग मोठ्या गाडीची परीक्षा द्यायला गेले तेव्हा साहेब माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, “कोण आलंय टेस्टला?”

“मी.”

“ते कळलं हो बाई. पण गाडी कोण चालवणार?”

परीक्षा पास झाले. सपाट मैदान होतं, गाडी रिकामी होती. लगेच नाक वर!

खरी शिकवणी तपोवनाच्या माळावर झाली. आमच्या गाडीला गिअर टाकायचा म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागायचा. एकदा दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, मध्येच रेसचा एक टोला द्यायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. मधला क्षण चुकला की गाडीच्या पोटातून असा खर्रर्र आवाज यायचा की माळावर चरणाऱ्या शेळ्या माना वर करायच्या. त्यात माझी पाचवारी. निऱ्या क्लचमध्ये अडकायच्या. आत्याबाई म्हणाल्या, “लुगडं नेस, कासोटा घाल.” मी सातवी शिकलेली बाई, नऊवारी म्हणजे मला गावंढळपणा वाटायचा. मग एकदा क्लचखाली पदर सापडून डोकं स्टिअरिंगवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप नऊवारी नेसले.

आत्याबाई झाडाखाली डाळ निवडत बसायच्या. माझा गिअर खर्रर्र वाजला की तिकडून म्हणायच्या, “मुसळावर मुसळ आपटलं बघ.”

त्यांना काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात आम्ही दोघी एकाच उखळात मिरच्या कुटायचो. समोरासमोर उभं राहून, दोन मुसळं. त्यांचं वर गेलं की माझं खाली. दर घावाला त्यांच्या तोंडून “हुं” निघायचा आणि त्या हुंकारावर माझं मुसळ चालायचं. ताल चुकला की मुसळं एकमेकांवर खाडकन आदळायची. ह्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “तसंच कर. मनात मिरच्या कूट.” मग मी तोंडाने हुं-हुं करत गिअर टाकायला लागले. चारातले तीन पडायचे. चौथा शेळ्यांसाठी.

एवढं झाल्यावर आत्याबाईंनी निकाल दिला. शनिवारी टोमॅटो भरून मुंबईला एक खेप करायची. माल नीट पोचवून गाडी धडपणे घरी आली तर गाडी आपली, स्टिअरिंग सुनेचं. नाही जमलं तर सोमवारी मालेगावकर गाडी घेऊन जातील आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

“आणि क्लीनर कोण?” हे म्हणाले. “परका माणूस हिच्याबरोबर धाडायचा?”

“परका कशाला? मी हाय की.”

साठीच्या बाईने क्लीनरकी पत्करली. ह्यांनी त्यांना काम समजावलं. थांबलं की चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा. गाडी मागे घेताना खाली उतरून बघायचं. आणि बाहेरून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. ही भाषा आत्याबाईंना एवढी आवडली की घरातही सुरू झाली. मी पोळ्या लाटत असले की पिठाच्या डब्यावर एक थाप, म्हणजे पुरे.

निघताना ह्यांनी मला एवढंच सांगितलं. “कसारा घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी गिअरने धरायची, ब्रेक नुसता हात लावायला.” मी मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

दिंडोरीकडे एका मळ्यावर खोकी भरली. लाकडी पट्ट्यांची, तोंडापर्यंत लालभडक. गाडी भरल्यावर तिचा स्वभावच बदलला. रिकामी असताना मला ऐकायची, आता तिचं मला ऐकावं लागत होतं. ब्रेक दाबला तरी ती आपल्या मनाने चार पावलं पुढे जाऊन थांबायची. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष रस्त्याकडेच्या लोकांकडे होतं. कोण तोंडात बोट घालतंय, कोण सायकलवरून पडतंय.

घोटीला चहाला थांबलो. चार-पाच ट्रकवाले बाजेवर बसले होते. बाई ड्रायव्हर, म्हातारी क्लीनर, सीटवर पाट. त्यांची करमणूक झाली. चांदवडकडचा एक मिशीवाला मात्र अदबीने बोलला.

“वहिनी, पहिलाच घाट का?”

“छे!” मी म्हटलं.

“मग ठीक. नाही, आम्ही तर वरून गिअर काढून न्यूट्रल मारतो. फुलासारखी खाली जाते गाडी. डिझेलचा थेंब लागत नाही. कसाऱ्यात उतरलो की कळतं ड्रायव्हर कोण अन् हमाल कोण.”

बाकीचे हसले. मीही हसले, जणू आम्ही सगळे एकाच शाळेतले. आत्याबाईंनी बशीतला चहा फुंकला आणि माझ्याकडे पाहिलं.

इगतपुरी गेली. दुपार कलली होती, ऊन काचेतून थेट मांडीवर येत होतं. घाटाच्या तोंडाशी गाडी थर्डमध्ये गुरगुरत होती. पुढे रस्ता वळत वळत खाली जात होता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कमरेएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. ह्यांनी सांगितलेलं आठवत होतं, नाही असं नाही. पण त्या बाजेवरचं हसू जास्त आठवत होतं. मी ड्रायव्हर की हमाल?

मी गिअर काढला. न्यूट्रल.

इंजिनाची गुरगुर एकदम थांबली. काय सुंदर शांतता! वाऱ्याचा आवाज, खोक्यांची कुरकुर. गाडी खरंच फुलासारखी निघाली. मी आत्याबाईंकडे ऐटीत पाहिलं. पहिलं वळण मस्त गेलं. दुसऱ्याला मी ब्रेक जरा जोरात दाबला. तिसऱ्याला दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून उभी राहिले आणि ब्रेकवर सगळं वजन टाकलं. गाडी थोडी दबली आणि पुन्हा सुटली.

मग वास आला. तव्यावर रबर ठेवावं तसा.

“काय जळतंय गं?” आत्याबाई म्हणाल्या.

“कोणाची तरी गाडी असेल.”

“आपल्या पुढं तर कोनी नाय.”

पुढच्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि तो खाली गेला. लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि गाडीला त्याचं काही वाटलंच नाही. वळण तसंच घेतलं. मागची खोकी एका अंगाला सरकली, गाडी कठड्याकडे झुकली. कठड्याचे दगड आत्याबाईंच्या खिडकीबाहेरून एकेक करून पळत होते, इतके जवळ की त्यांच्यावरचा चुना दिसत होता. समोरून एस.टी. वर येत होती. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. एस.टी.चा ड्रायव्हर शहाणा. त्याने गाडी डोंगराला चिकटवली. खिडक्यांतली तोंडं माझ्या बाजूने एका रेषेत पुसली गेली.

आता गिअर हवा होता. गिअरशिवाय दुसरं काही मला वाचवणार नव्हतं, एवढं त्या क्षणी माझ्या सातवी शिकलेल्या डोक्यात शिरलं. क्लच दाबला, दांडा ढकलला. खर्रर्र! पुन्हा. खर्रर्र! सगळ्या गाडीला दातखीळ बसल्यासारखी. रेस द्यायची विसरले, मग दिली तर भलत्या वेळी दिली. पाट खाली सरकला होता आणि मी एका कुशीवर कलंडले होते. मनातल्या मिरच्या कुठे आणि काय! मी मोठमोठ्याने बोलत होते, पण काय बोलत होते ते मला माहीत नाही. आत्याबाई नंतर म्हणायच्या, “माझ्या लेकाला शिव्या देत हुतीस.” देत असेन.

तेवढ्यात आत्याबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर बाहेरून थाप मारली.

“हुं!”

एक थाप म्हणजे थांब. माझ्या डोक्यात आलं, अहो, थांबायचंच तर जमत नाहीये! पण त्या थांबल्या नाहीत. थाप, आणि “हुं!” थाप, आणि “हुं!” बरोबर उखळाचा वेग. ना घाई, ना ढिलाई. तोंड समोर, डोळे समोरच्या रस्त्यावर, जणू सूप भरून मिरच्या अजून कुटायच्या राहिल्यात.

“मुसळ उचल!” त्या ओरडल्या. “हुं!”

माझा डावा पाय दबला. “हुं!” सुटला. “हुं!” उजव्या पायाने रेस मारली, इंजिन ओरडलं. “हुं!” क्लच दबला आणि हात पुढे गेला. दांडा गपकन आत शिरला. टॉप गिअर. तो वेग धरून ठेवत होता, कमी करत नव्हता. पण आता गाडीला इंजिनाची गाठ होती. हँडब्रेक ओढला, उरलासुरला ब्रेक मारला, वेग थोडा पडला. पुढचं वळण दिसायला लागलं.

“परत!” आत्याबाई म्हणाल्या. “हुं!”

थर्ड पडला. इंजिनाने असा हंबरडा फोडला की वाटलं, आता बॉनेट उघडून बाहेर येतंय. पण गाडी अडली. पुढच्या वळणानंतर डोंगराच्या बाजूला रस्ता जरा रुंद होता, कडेला मुरूम साचलेला. समोरून कोणी नव्हतं. मी रस्ता ओलांडून गाडी मुरमात घातली. पुढचा मडगार्ड डोंगराला खरवडत गेला, आणि एकदाची गाडी उभी राहिली.

मी स्टिअरिंगला मिठी मारून बसले. आत्याबाई दार उघडून खाली उतरल्या, लुगडं सावरलं, सीटमागचा ठोकळा काढला आणि चाकाखाली लावला. ज्याचं काम त्याने केलं. मग पाण्याचा डबा घेऊन धुरकटलेल्या चाकांकडे निघाल्या.

“पाणी नका टाकू, आजी! तापलेलं लोखंड तडकेल!”

मागून आलेल्या ट्रकमधून घोटीचा तो मिशीवाला उडी मारून उतरला. चाकांजवळ वाकला, वास घेतला, माझ्याकडे वर पाहिलं.

“न्यूट्रल मारलं होतं?”

“तुम्हीच म्हणालात!” मी रडत ओरडले.

“अहो, मी रिकाम्या गाडीचं बोलत होतो, वहिनी! भरल्या गाडीला कोण मारतं न्यूट्रल? आमच्यातला येडासुद्धा मारत नाही!”

रिकाम्या गाडीलाही मारू नये, हे पुढे मला कळलं आणि बहुतेक त्यालाही कळलं असावं. पण त्या वेळी तो माणूस चांगला वागला. म्हणाला, “चाकं गार झाली की मी उतरवून देतो गाडी. माझा जोडीदार माझी आणेल. तुम्ही दोघी बाजूला बसा निवांत.”

मला एवढंच हवं होतं. गाडी मालेगावला जावो, नाहीतर काशीला. माझा एक पाय खाली उतरायच्या पायरीवर आला होता.

आत्याबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसून मिशरीची डबी उघडत होत्या. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं.

“उतरतीस?”

मी मान डोलावली.

“उतरली की परत चढता येनार नाय. बघ बाई.” एवढंच. ना राग, ना माया. डबीत बोट घातलं आणि दात घासत बसल्या.

चाकं गार व्हायची होती. गाड्या वर जात होत्या, खाली जात होत्या. मी त्या पायरीवर एक पाय ठेवून बसले, धड आत नाही, धड बाहेर नाही. घरी पोचल्यावर काय होईल ते डोळ्यांपुढे येत होतं. हे रात्री पडल्या पडल्या विचारतील, कोणी उतरवली? मी सांगेन. ते म्हणतील, बरं झालं, सुखरूप आलात. आणि मी पुढची चाळीस वर्षं भाकरी थापताना तो घाट उतरत राहीन.

मिशीवाल्याने चाकांना हात लावून पाहिला. ब्रेक दाबून बघितला, पुन्हा धरायला लागला होता. “चला,” म्हणाला आणि माझ्या दाराशी आला.

मी पाय आत घेतला. शौर्य वगैरे काही नाही. पाय आखडला होता. पण आत घेतला तो घेतला.

आत्याबाई उठल्या. तोंडातली मिशरी थुंकली. “दादा,” त्या म्हणाल्या, “उपकार झाले. पन त्या शिटावर आमचा जेवायचा पाट हाय. परक्याला देत नाय आम्ही.”

मिशीवाला पाटाकडे बघत राहिला. मग त्याने हात जोडले. “मी पुढे चालतो वहिनी, सेकंडमध्ये. माझ्या मागे मागे या. अन् दांड्याला हात लावू नका.”

उरलेला घाट मी सेकंडमध्ये उतरले. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. एकाने ओव्हरटेक करताना विचारलं, “काय, वरात आहे का?” आत्याबाईंनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “हाय! तू जेवायला ये!” कसाऱ्यात पोचल्यावर मी खाली उतरले आणि भडाभडा ओकले. माल पोचला. खालच्या खोक्यांतून रस गळत होता. व्यापारी म्हणाला, “बाई, टोमॅटो आणलेत की सार?” पण त्याने माल उतरवून घेतला.

सोमवारी सकाळी गाडी गल्लीत घातली तेव्हा मालेगावचे गृहस्थ दारातल्या बाजेवर बसलेले होते. हातात आमच्याच कपात आमचाच चहा. हे उठले. मी इंजिन चालूच ठेवलं होतं, बंद करायचं सुचलं नाही. हे पुढून गाडीभोवती फिरले. खरवडलेल्या मडगार्डवरून डावा हात फिरवला. मग चाकाजवळ वाकले आणि वास घेतला. ड्रायव्हरच्या नाकाला काय सांगायला लागतं? सरळ झाले ते माझ्याकडे बघत.

“आई,” ह्यांनी विचारलं, “कशी आली गाडी?”

आत्याबाई तोवर खाली उतरल्या होत्या. वाटेत पुन्हा मिशरी लावलेली, तोंड भरलेलं, आणि परक्या माणसासमोर थुंकायचं कसं? त्यांनी मालेगावकरांकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीच्या कडेला आल्या आणि तळहाताने पत्र्यावर थाप मारली.

एक.

एक म्हणजे थांब. गेली गाडी.

मग दुसरी.

मालेगावकरांचा सगळा जन्म ट्रकमध्ये गेलेला. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला, कप बाजेखाली ठेवला आणि पायाने चपला शोधायला लागले. ह्यांनी चेहरा दुसरीकडे वळवला.

आणि मी? पाटावरची देवी? आत्याबाईंच्या पाया पडायचं सोडून, भर गल्लीत, समोर बाज आणि बाजेवर पाहुणे असताना, दोन थापा ऐकल्याबरोबर माझा डावा पाय आपोआप क्लचवर गेला होता.